साडेवीस अंशांनंतर

द्राक्षबागेतल्या खांबावर पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या एकाखाली एक लावलेलं छोटं उपकरण निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागात आता नवलाचं राहिलेलं नाही. ताटल्यांच्या आत सावलीत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर असतो. खाली पेटीत बोर्ड, बॅटरी आणि मोडेम, वर सोलर पॅनल. साध्या उपकरणात छोटा मायक्रोकंट्रोलर पुरतो. पण कॅमेरा, चार-पाच सेन्सर आणि माहितीची साठवण एकत्र आली की बोर्डावर लिनक्स येतो आणि सेन्सर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरमार्फत वाचला जातो. ड्रायव्हर म्हणजे त्या सेन्सरशी बोलणारा कोड. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पहाटे घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. बागायतदार मग शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. आर्द्रता चढून राहिली की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते आणि फवारणी आज काढायची की उद्या, हे ठरवावं लागतं. हे निर्णय मोबाइलवरच्या आकड्याकडे बघून घेतले जातात. सेन्सरकडून निघालेले सहा बाइट आणि मोबाइलवरचे ‘६.४ अंश’ यांच्यामध्ये कर्नलमधल्या काहीशे ओळींचा ड्रायव्हर असतो. त्या ओळींत कुणी बदल सुचवला तर तो कसा वाचायचा, त्याबद्दल हे लिहितो आहे.

उदाहरणासाठी एक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, मनानं रचू. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत अशी उपकरणं जुळवणारं छोटं युनिट आहे आणि तिथल्या इंजिनिअरनं ड्रायव्हरमध्ये बदल सुचवला आहे, असं समजा. ड्रायव्हर काल्पनिक, पण सेन्सर सेन्सिरियन कंपनीच्या एसएचटी३१च्या जातीचा आणि आकडे त्याच्याच डेटाशीटमधले, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकातले. बदल पाच आहेत. मोजणीसाठी थांबायचा वेळ कमी केला. तापमानाचं सूत्र ‘डेटाशीटप्रमाणे सुटसुटीत’ केलं. सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते सांगणारा पडताळणीचा बाइट) चुकला तर एरर देण्याऐवजी आधीची किंमत परत दिली. तापमान मर्यादेबाहेर गेलं की इशारा देणाऱ्या अलर्ट पिनसाठी इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारी हाक) जोडला, आणि मर्यादा लिहिण्याची सोय केली. शेवटी सेन्सरच्या नव्या प्रकाराचं नाव यादीत घातलं. सगळं मिळून शंभर-सव्वाशे ओळी, एकाच पॅचमध्ये, आणि वर शीर्षक: ‘ड्रायव्हरमध्ये सुधारणा’.

पहिलं उत्तर इथेच ठरतं: पाच बदलांचे पाच पॅच करा. काही लोकांना ही अडवणूक वाटते. पण सहा महिन्यांनी कुणाच्या बोर्डावर वाचन बिघडलं तर तो गिट बायसेक्ट (जुने बदल अर्धे-अर्धे करत चूक आणणारा बदल शोधणारं साधन) चालवणार, आणि बायसेक्ट त्याला एका कमिटपाशी, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलापाशी, आणून सोडणार. त्या कमिटमध्ये पाच गोष्टी असतील तर शोध तिथेच अडतो, आणि तो कमिट उलटवायचा म्हटलं तर चांगले चार बदलही जातात. पॅच वेगळे केल्यावर दरम्यानच्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल बांधला गेला (कम्पाइल झाला) पाहिजे, नाहीतर बायसेक्ट अर्ध्या वाटेत कोलमडतो. कमिट संदेशात काय केलं ते थोडक्यात आलं तरी चालतं, कारण ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या फरकात, दिसतंच. का केलं, वापरणाऱ्याला कोणता त्रास होत होता, कोणत्या बोर्डावर आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो, हे मात्र लिहिलंच पाहिजे. ‘वेग सुधारला’ एवढ्यावर पुढचा वाचणारा काहीच पडताळू शकत नाही.

यंत्रानं करायचं काम यंत्राला द्यावं. चेकपॅच ही लेखनशैली तपासणारी स्क्रिप्ट स्ट्रिक्ट पर्यायासह चालवायची, स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवायचं, जादा वॉर्निंग चालू करून बांधणी करायची: एकदा ६४ बिटांसाठी, एकदा ३२ बिटांच्या आर्मसाठी, एकदा मॉड्यूल म्हणून आणि एकदा कर्नलच्या आत घालून. टॅब, स्पेस, ओळीची लांबी यांवर माणसानं जीव आटवू नये. चेकपॅचनंही २०२० पासून ओळीची मर्यादा ८० वरून १०० अक्षरांवर नेली आहे. माणसाचं लक्ष जिथे यंत्र पोचत नाही तिथे हवं.

आणि तिथे पोचायचं तर नुसता डिफ वाचून भागत नाही. डिफमध्ये बदललेल्या ओळींच्या वरखाली तीन-तीन ओळी दिसतात. चूक बहुतेक वेळा चौथ्या ओळीच्या पलीकडे असते. पॅच आपल्याकडच्या कर्नलच्या कोडवर लावून पूर्ण फाइल उघडायची, प्रोबपासून (उपकरण जोडताना चालणारं फंक्शन) रिमूव्हपर्यंत (ते काढताना चालणारं) एकदा सलग वाचायची, आणि काढून टाकलेल्या प्रत्येक ओळीवर गिट ब्लेम (ओळ कुणी, कोणत्या बदलात लिहिली ते दाखवणारं साधन) चालवायचा. विचित्र दिसणारी ओळ कुणीतरी कधीतरी कशाला तरी लिहिलेली असते. ते ‘कशाला’ सापडल्याशिवाय ती काढायला होकार देऊ नये.

आता थांबण्याचा वेळ. जुन्या कोडमध्ये मोजणीचा हुकूम दिल्यावर एमस्लीप(१५), म्हणजे १५ मिलिसेकंद थांबणं, होतं. नव्यात यूस्लीप_रेंज(१२५००, १३०००) आहे, त्यात मर्यादा मायक्रोसेकंदांत असतात. लेखकाची तक्रार रास्त आहे. एचझेड १०० असलेल्या, म्हणजे सेकंदाला १०० टिक मोजणाऱ्या कर्नलमध्ये टिक १० मिलिसेकंदांची असते. तिथे एमस्लीपला १५ मागितले तर प्रत्यक्षात २० ते ३० मिलिसेकंद जातात. इतक्या छोट्या कालावधीसाठी यूस्लीप_रेंजच वापरायचं असतं. पण १२.५ हा आकडा कुठून आला? डेटाशीट उघडली की सापडतो: सर्वाधिक अचूकतेच्या मोजणीला ‘टिपिकल’ रकान्यात १२.५ मिलिसेकंद आहेत आणि शेजारच्या ‘मॅक्सिमम’ रकान्यात १५. सेन्सरला मिळणारा व्होल्टेज २.४ च्या खाली गेला तर कमाल वेळ १५.५ होतो. लेखकाच्या टेबलावरच्या दोन-चार नगांवर १२.५ व्यवस्थित चालत असणार, त्यानं खोटं काही लिहिलेलं नाही. पण ड्रायव्हर त्या दोन-चार नगांसाठी नसतो. मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचायला गेलं तर हा सेन्सर पत्ता ओळखूनही होकाराचा बिट देत नाही, आणि आय२सीचा (सेन्सर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसचा) कंट्रोलर एरर परत करतो. कोणता कंट्रोलर ईएनएक्सआयओ हा एरर कोड देतो, कोणता ईरिमोटआयओ. म्हणजे चूक सतत दिसणार नाही. एखाद्या नगावर, एखाद्या पहाटे, बॅटरी उतरल्यावर दिसेल आणि लोक केबलला दोष देत बसतील. इथे उत्तर सोपं आहे: यूस्लीप_रेंज(१५५००, १६५००) करा आणि शेजारी एका ओळीत डेटाशीटमधल्या तक्त्याचा उल्लेख करा. वेळेचा कोणताही आकडा तपासताना तो कोणत्या रकान्यातला आहे हे आधी बघावं. टिपिकल रकाना विकणाऱ्यासाठी असतो, ड्रायव्हर कमाल रकान्यावर लिहायचा असतो.

सूत्राकडे मात्र सावकाश बघायला हवं, कारण या पॅचमधली सगळ्यात घातक ओळ सगळ्यात स्वच्छ दिसते. डेटाशीट सांगते: तापमान म्हणजे उणे ४५ अधिक १७५ गुणिले कच्ची संख्या भागिले ६५५३५. कच्ची संख्या १६ बिटांची, शून्य ते ६५५३५. कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरिंग विभागात तापमान हजारांश अंशांत द्यायचं असतं, म्हणून ४५ चे ४५००० आणि १७५ चे १७५००० होतात. जुनी ओळ अशी होती: २१८७५ गुणिले कच्ची संख्या, उत्तर १३ बिट उजवीकडे सरकवा, ४५००० वजा करा. हे २१८७५ कुठून आले ते कुणालाही पटकन कळत नाही. लेखकानं ती ओळ काढली आणि १७५००० गुणिले कच्ची संख्या भागिले ६५५३५ अशी डेटाशीटसारखी ओळ लिहिली, चल (व्हेरिएबल) अनसाइन्ड लाँग, म्हणजे उणे चिन्ह नसलेला पूर्णांक, ठेवला. वाचायला छान. त्याच्या ६४ बिटांच्या मशीनवर प्रत्येक उत्तर बरोबर.

३२ बिटांच्या आर्मवर अनसाइन्ड लाँग ३२ बिटांचाच असतो. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तिला १७५००० नं भागलं तर २४५४२ येतात. म्हणजे कच्ची संख्या २४५४२ असेपर्यंत गुणाकार मावतो, २४५४३ झाली की उलटून शून्याजवळ येतो. २४५४२ म्हणजे किती तापमान? २०.५ अंश. निफाडच्या पहाटे, सहा-सात अंशांत, हा ड्रायव्हर अगदी बरोबर आकडा देणार. ऊन चढून साडेवीस अंश ओलांडले की तो एकदम उणे ४५ दाखवणार, आणि तिथून खऱ्या तापमानाच्या साडेपासष्ट अंश खाली राहून वर चढत जाणार. बाहेर ३० अंश असतील तेव्हा उणे साडेपस्तीस. चल साधा इंट (चिन्हासहितचा ३२ बिटांचा पूर्णांक) असता तर उणे १२ अंशांच्या वरच सगळं बिघडलं असतं आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी पकडलं असतं. अनसाइन्डमुळे चूक दुपारपर्यंत लपते. वातानुकूलित खोलीत २० अंशांवर चाचणी घेतली तर लपलेलीच राहते. बीगलबोन ब्लॅकसारखे ३२ बिटांचे कॉर्टेक्स-ए८ बोर्ड आजही शेतात उभे आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

लेखकाला हे कळवल्यावर पुढची आवृत्ती बहुधा अशी येते: चल यू६४ (६४ बिटांचा पूर्णांक) केला, भागाकार तसाच ठेवला. त्यानं ३२ बिटांच्या आर्मवर कर्नल बांधलाच जात नाही. ६४ बिटांचा साधा भागाकार कम्पायलर ज्या मदतनीस फंक्शनवर सोपवतो ते कर्नलमध्ये मुद्दाम ठेवलेलं नाही, लिंकर ‘एईएबीआय_यूएलडिव्हमॉड’ सापडत नाही म्हणून थांबतो. तिथे डिव्ह_यू६४ हे कर्नलचं भागाकाराचं फंक्शन वापरावं लागतं. पण खरं तर इथे ६४ बिटांची गरजच नाही. १७५००० आणि ६५५३६ या दोघांना आठनं भागा: २१८७५ आणि ८१९२. आठ हजार एकशे ब्याण्णव म्हणजे दोनचा तेरावा घात, म्हणून १३ बिट सरकवणं. २१८७५ गुणिले ६५५३५ म्हणजे १,४३,३५,७८,१२५, हे चिन्हासहितच्या ३२ बिटांतही मावतं. ६५५३५ ऐवजी ६५५३६ नं भागल्यामुळे फरक पडतो तो जास्तीत जास्त तीन हजारांश अंशांचा, आणि सेन्सरची स्वतःची अचूकता दोन दशांशांच्या घरात आहे. कर्नलमधल्या एसएचटी३एक्सच्या ड्रायव्हरमध्ये हेच सूत्र आहे. ज्यानं २१८७५ लिहिले त्यानं हा सगळा हिशोब केला होता, फक्त तो ओळीशेजारी लिहून ठेवला नव्हता. म्हणून लेखकाला सांगायचं: ओळ परत आणा आणि हा हिशोब कॉमेंटमध्ये लिहा. तुमचा पॅच वाचनीयतेसाठी होता, ती कॉमेंटनं मिळते.

अशा रूपांतरासाठी वेगळं छोटं फंक्शन करून केयुनिटची (कर्नलमधल्या छोट्या चाचण्यांच्या चौकटीची) चाचणी मागावी. चार किमती पुरतात: शून्य, २४५४२, २४५४३ आणि ६५५३५. शून्याला उणे ४५०००, २४५४३ ला २०५३६, शेवटच्याला १२९९९७ आले पाहिजेत. केयुनिटचं साधन आर्मसाठी क्यूएमयू या आभासी मशीनमध्ये चालवता येतं. म्हणजे हातात बोर्ड नसला तरी ३२ बिटांची परीक्षा टेबलावर होते. सेन्सर हातात असेल तर तो चिमटीत धरून वीस अंशांच्या अलीकडून पलीकडे नेणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

सीआरसीचा बदल वाचताना माझा सूर कडक होतो, आणि तो व्हावा असंच मला वाटतं. हा सेन्सर दोन बाइट तापमान, एक बाइट सीआरसी, दोन बाइट आर्द्रता, एक बाइट सीआरसी असे सहा बाइट देतो. सीआरसी काढायची बहुपदी हेक्स ३१, सुरुवातीची किंमत हेक्स एफएफ. पडताळणीसाठी डेटाशीटमध्ये उदाहरण दिलंय: बीई आणि ईएफ या बाइटांचा सीआरसी हेक्स ९२ आला पाहिजे. बागेत सेन्सरपासून बोर्डापर्यंत केबल लांब ओढलेली असते. आय२सी बसला ४०० पिकोफॅरडपर्यंतची धारिता गृहीत आहे, लांब केबल ती सहज खाऊन टाकते. त्यात रात्री थ्री-फेज आली की शेजारचा पंप सुरू होतो. बिट उलटतात. लेखक म्हणतो, लॉगमध्ये एरर फार येत होत्या, ग्राहक विचारत होते, म्हणून सीआरसी चुकला की शेवटची चांगली किंमत परत दिली. यामुळे लॉग शांत झाला. पण पहाटे तीनला ६ अंश वाचले, नंतर केबल बिघडली, आणि पाचला खरा पारा ३ वर गेला, तर ड्रायव्हर पाचलाही ६ च सांगणार. मोबाइलवर सगळं ठीक दिसेल आणि शेकोटी पेटणार नाही. एरर दिसली तर माणूस उठून साधा थर्मामीटर तरी बघतो, किंवा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर किती नोंद झाली ते विचारतो. ड्रायव्हरनं ईआयओ (वाचन फसल्याचा एरर कोड) परत द्यावा, एवढंच. पुन्हा प्रयत्न करायचा की जुनी किंमत ‘जुनी’ म्हणून दाखवायची, हे वरच्या प्रोग्रामनं ठरवावं, कारण संदर्भ त्याच्याकडे असतो. या बदलाला दुरुस्ती सुचवायची नसते, नकारच द्यायचा असतो, कारणासह. आणि जमलं तर उपायही सांगावा: बसचा वेग १०० किलोहर्ट्झवर आणा, पुल-अप रेझिस्टर तपासा, केबल लांब असेल तर आय२सी नेण्याऐवजी आरएस-४८५ चा सेन्सर घ्या.

सहा बाइटांबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. बाइट वाचणारं आय२सी_मास्टर_रिसीव्ह हे फंक्शन यशस्वी झालं तर शून्य देत नाही, वाचलेल्या बाइटांची संख्या देतं. ‘शून्यापेक्षा कमी असेल तर एरर’ एवढंच तपासलं तर अर्धवट वाचन यश म्हणून पुढे जातं. ‘शून्य नसेल तर एरर’ तपासलं तर पूर्ण वाचन एरर ठरतं. दोन्ही चुका नेहमी दिसतात. उणे असेल तर तीच किंमत परत, सहा नसतील तर ईआयओ.

इंटरप्टच्या पॅचमध्ये क्रम बघायचा. लेखकानं प्रोबमध्ये आधी इंटरप्ट मागितला, मग म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) तयार केला, मग मॉनिटरिंगचं उपकरण नोंदवलं. इंटरप्ट मागितल्या क्षणी तो येऊ शकतो. बोर्ड रीबूट झाला तरी सेन्सरची वीज गेलेली नसते, मर्यादा आधीच ओलांडलेली असू शकते. हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) धावतो, तयार न झालेल्या म्यूटेक्सला हात लावतो, नोंदणी न झालेल्या उपकरणाला सूचना पाठवतो, आणि कर्नल ऊप्स देतो, म्हणजे गंभीर चूक जाहीर करतो. म्हणून इंटरप्ट सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर उतरवताना याच्या उलट. डेव्हएमची (उपकरणासोबत आपोआप मोकळं करणारी) फंक्शनं वापरली असतील तर ती मोकळी करणं उलट्या क्रमानं आपोआप होतं, पण रिमूव्ह फंक्शन संपल्यावर. रिमूव्हमध्ये हातानं काही मोकळं केलं आणि इंटरप्ट डेव्हएमकडे राहिला, तर मधल्या वेळात आलेला इंटरप्ट मोकळ्या केलेल्या जागेत शिरतो. एक तर सगळं डेव्हएमवर सोडा, नाहीतर सगळं हातानं करा.

हँडलर आय२सीवर स्टेटस रजिस्टर वाचतो. आय२सीचा व्यवहार झोपू शकतो, म्हणजे वाट बघत थांबू शकतो, आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपायला परवानगी नाही. म्हणून थ्रेडेड इंटरप्ट (काम वेगळ्या थ्रेडमध्ये), पहिला हँडलर रिकामा, आणि वनशॉटचा फ्लॅग, म्हणजे थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद. तो फ्लॅग नसेल तर कर्नल सहसा विनंतीच नाकारतो. इंटरप्ट सिग्नल बदलताना (कडेवर) की सिग्नल टिकून असताना (पातळीवर), हे ड्रायव्हरमध्ये ठोकून ठेवू नये, ते डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं वर्णन) येऊ द्यावं. मधे सिग्नल उलटवणारा एखादा इन्व्हर्टर बसवलेला बोर्ड असतोच.

अलर्टच्या मर्यादा वापरणारा सिसएफएसमधून (कर्नलनं फाइलींच्या रूपात उघडलेल्या खिडकीतून) लिहितो, आणि तिथे तो काहीही लिहू शकतो. आलेली संख्या आधी उणे ४५००० ते १३०००० मध्ये बसवायची आणि मगच गुणाकार-भागाकार करायचा. बऱ्याच पॅचमध्ये हे उलटं असतं: आधी गणित, नंतर मर्यादा. गणितातच संख्या उलटली की नंतरची मर्यादा काही वाचवत नाही.

ड्रायव्हर हार्डवेअरमध्ये लिहितो तेव्हा अधिक जपून वाचावं, याचं मोठं उदाहरण २००८ चं आहे. कर्नल २.६.२७ च्या आरसी (प्रकाशनाआधीच्या चाचणीच्या) आवृत्त्या चालू असताना इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांमधली कायमस्वरूपी मेमरी खराब होऊ लागली, कार्डं निकामी झाली. साहजिकच सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. मूळ दोष निघाला एफट्रेस या कर्नलच्या माग काढणाऱ्या साधनात: मोकळ्या झालेल्या कोडच्या पत्त्यावर तो लिहीत होता, आणि त्या पत्त्यावर दरम्यान कार्डाची मेमरी जोडली गेलेली होती. डायनॅमिक एफट्रेस २.६.२७.१ मध्ये बंद केलं गेलं. पण ड्रायव्हरनंही त्या मेमरीला लेखनबंदी घातली, आणि ते योग्यच होतं. जे लिहिल्यावर परत आणता येत नाही ते आधी कुलूपबंद असावं, दोष कुठूनही येवो.

फाइल सलग वाचताना पॅचबाहेरची एक जुनी चूकही दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रायव्हर दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारलं तर सेन्सरकडे न जाता साठवलेली किंमत देतो. शेवटचं वाचन कधी झालं ते जिफीजमध्ये (कर्नलनं मोजलेल्या टिकांच्या संख्येत) ठेवतो, तुलना टाइम_आफ्टरनं (कोणती वेळ नंतरची ते सांगणाऱ्या मॅक्रोनं) करतो. इथपर्यंत बरोबर. पण सुरुवातीला ती वेळ शून्य ठेवलेली आहे. लिनक्समध्ये जिफीज शून्यापासून सुरू होत नाहीत. ३२ बिटांवर त्या उणे ३०० सेकंदांच्या जागी सुरू होतात, म्हणजे बूटनंतर पाच मिनिटांनी उलटून शून्यावर येतात. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण एचझेड १०० वर एरवी उलटायला ४९७ दिवस लागले असते आणि तोवर चुका लपून राहिल्या असत्या. परिणाम असा की बूटनंतरची पाच मिनिटं टाइम_आफ्टरच्या लेखी ‘आत्ता’ हे शून्याच्या आधीचं असतं. साठवलेली किंमत ताजी समजली जाते, आणि ती किंमत असते शून्य. ६४ बिटांवर हे घडत नाही. बॅटरी संपत आली की उपकरण पहाटेच रीबूट होतं, आणि पाच मिनिटं बागायतदाराला शून्य अंश दिसतात. उणे ४५ दिसलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. निफाडमध्ये जानेवारीच्या पहाटे शून्य अंशांवर विश्वास बसू शकतो. दुरुस्ती एका ओळीची आहे: सुरुवातीची वेळ ‘आत्ताची जिफीज वजा तीन सेकंद’ ठेवा, किंवा किंमत एकदा तरी वाचली का याचा वेगळा झेंडा ठेवा.

नव्या प्रकाराच्या नावाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ड्रायव्हरच्या दृष्टीनं तो जुन्यापेक्षा वेगळा आहे का? हुकूम, वेळा, सूत्र सगळं तेच असेल तर बाइंडिंगच्या (डिव्हाइस ट्रीत उपकरण कसं लिहायचं याच्या नियमांच्या) वायएएमएल फाइलमध्ये नवं नाव आणि त्यामागे जुनं नाव द्यायचं, ड्रायव्हरला हात लावायची गरजच नाही. वेगळा असेल तर बाइंडिंगचा पॅच आधी, ड्रायव्हरचा नंतर. नाव एकदा कर्नलमध्ये गेलं की ते बदलता येत नाही. आज विकलेल्या पेटीतली डिव्हाइस ट्री दहा वर्षांनंतरच्या कर्नललाही वाचता आली पाहिजे.

चाचण्या लेखकाकडून मागाव्यात, पण नेमक्या. दोन शेलमधून एकाच वेळी सतत वाचन चालू ठेवा आणि मधेच ड्रायव्हर अनबाइंड करा. डेटाची तार मोजणी चालू असताना काढा. मॉड्यूल शंभर वेळा घाला-काढा, कासान (मेमरीच्या चुका), लॉकडेप (कुलपांच्या क्रमाच्या चुका) आणि अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी चालू ठेवून. आय२सी-स्टब हा खोटा सेन्सर पुरवणारा ड्रायव्हर इथे कामाचा नाही, तो एसएमबसचेच (आय२सीवर आधारलेल्या ठरावीक नियमांचे) व्यवहार ओळखतो आणि हा सेन्सर साधे आय२सी संदेश वापरतो. ‘माझ्याकडे चालतं’ या वाक्याला बोर्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि तापमानाचा पट्टा जोडून मागावा.

उत्तर लिहिताना ज्या ओळीबद्दल बोलायचं ती ओळ वर ठेवून खाली लिहावं. अडलेल्या गोष्टी आणि आवडीनिवडीच्या गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: ‘हे बदलल्याशिवाय घेता येणार नाही’ आणि ‘हे तुम्हाला पटलं तर करा’. लेखक बहुतेक वेळा पहिल्यांदाच पॅच पाठवत असतो, दिवसाची नोकरी सांभाळून रात्री बसून केलेला. वेळेबद्दलची त्याची तक्रार खरी होती, ते पहिल्या ओळीतच मान्य करावं. सगळे मुद्दे पहिल्याच उत्तरात सांगावेत. दुसऱ्या आवृत्तीवर आधी न सांगितलेला आक्षेप काढणं फार दमवणारं असतं. दुसरी आवृत्ती आली की गिटच्या रेंज-डिफनं आधीच्या आवृत्तीशी ताडून बघायची, नाहीतर गुपचूप बदललेली ओळ निसटते. आणि पॅचखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ ही आपल्या नावाची ओळ देताना एवढं लक्षात ठेवायचं की त्याचा अर्थ ‘मी वाचलं आणि माझ्या माहितीप्रमाणे यात दोष नाही’ असा आहे. चालवून बघितलं असेल तर ‘टेस्टेड-बाय’ वेगळं द्यायचं.

शेवटी क्रम ठरवायचा, आणि तो कॅलेंडर बघून ठरवावा. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. नव्या सोयी दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत, म्हणजे नवे बदल स्वीकारण्याच्या काळातच जातात, ती हुकली तर पुढच्या खेपेला. दोषदुरुस्ती मात्र आरसीच्या काळातही घेतात, आणि तिथून ती ६.१, ६.६ सारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या स्टेबल शाखांत उतरते. शेतातले बोर्ड याच शाखांवर असतात. स्टेबलला जायचं तर पॅच संदर्भाच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत हवा आणि त्यात दुरुस्तीखेरीज काही नको. बागांच्या गोड्या छाटण्या सप्टेंबर-ऑक्टोबरला होतात, थंडी डिसेंबरला येते. जिफीजची एक ओळ या सव्वाशे ओळींत अडकली तर ती त्या थंडीआधी पेटीपर्यंत पोचत नाही. म्हणून लेखकाला लिहायचं: ती एक ओळ आधी, एकटी पाठवा. ज्या कमिटनं चूक आणली त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं ‘फिक्सेस’च्या ओळीत घाला, खाली स्टेबलची ओळ जोडा. यूस्लीप_रेंजचा पॅच त्यामागून येऊ द्या, अलर्टच्या इंटरप्टवर आपण सावकाश बोलू.